अंजनाचं कुंपण

भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, लाकूड कळायचं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की माणूस अडाणी होता. अडाणी असते तर काही बिघडलंच नसतं. हाताला लागतील ती आंब्याची फळकुटं ठोकून कुंपण उभं केलं असतं, ते दोन पावसांत वाळवीने खाल्लं असतं आणि आम्ही सगळे सुखाने राहिलो असतो. पण भाऊ लाकडाच्या तुकड्यावर बोटाची पेरं आपटून, कान लावून, एखादा वैद्य नाडी पाहतो तसे डोळे मिटून उभे राहायचे. मग तो तुकडा मागच्या हौदात टाकायचे. तरंगला तर "चुलीत घाला" आणि बुडाला तर "हं". आमच्या घरात भाऊंच्या तोंडून "हं" मिळवणं कठीण होतं. मला ते मॅट्रिक पास झाल्यावरसुद्धा मिळालं नव्हतं, तेव्हा लाकडांबद्दल मनात थोडा आकस असायचाच.

घर एरंडोलला, गावाच्या पद्मालयाकडच्या टोकाला. भाऊ नोकरीला धुळ्याला एका सरकारी कचेरीत, खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एस्टीने घरी यायचे. घरात आई, मी आणि नाना. नाना म्हणजे भाऊंचे चुलते. त्यांची एकुलती लेक पिंपळनेरला दिलेली, बायको वारलेली, म्हणून ते आमच्यात. घरामागे आईची बाग होती. बाग म्हणजे काय, मोरीचं पाणी जाईल तिथवर मेथी, वांगी, दोडक्याचे वेल, एक लिंबू आणि चार केळी. पण आई तिला बागच म्हणायची, आणि गल्लीतल्या शेळ्यासुद्धा तिला बागच समजायच्या. त्या रोज सकाळी हजेरी लावल्यासारख्या यायच्या, आणि आमची न्याहारी व्हायच्या आत त्यांची झालेली असायची.

आता नानांच्या लाकडांबद्दल. मागच्या पडवीत, भिंतीला लागून, अंजनाच्या लाकडांची एक रास होती. सातपुड्याच्या बाजूने बैलगाडीत घालून नानांनी ती स्वतः आणलेली. पुरुषभर उंचीची, मनगटाहून जाड, सरळ, आणि इतकी सुकलेली की एकावर एक आपटली तर घंटेसारखी वाजायची. ती कशासाठी आहेत हे आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. अक्का, नानांची बायको, भर पावसाळ्यात गेली होती. वखारीतून आलेलं लाकूड ओलं. चिता पेट धरेना. शेवटी रॉकेलचे डबे ओतले, तरी पाऊस वरून विझवत होता आणि माणसं खालून पेटवत होती. सकाळी गेलेली पुरुषमंडळी दिवेलागणीला परत आली. त्यानंतर नानांनी घरात स्टोव्ह पेटवू दिला नाही. रॉकेलचा वास आला की ताटावरून उठायचे. आणि पाऊस लागला की भिंतीकडे तोंड करून बसायचे, जणू बाहेर कुणीतरी आहे आणि आपण त्याच्याकडे बघितलं तर ते आत येईल.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी ती लाकडं आणली. स्वतःसाठी. स्वतःच्या सरणासाठी कोरडं लाकूड राखून ठेवणारी म्हातारी माणसं आमच्याकडे तेव्हा होती, त्यात कुणाला विशेष वाटत नसे. मात्र तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे. "नानांची लाकडं" एवढंच म्हणायचं. आणि भाऊ आठवड्यातून दीड दिवस घरी असायचे, त्यामुळे त्यांना हे कुणी सांगितलंच नाही. कोण सांगणार? कोणत्या शब्दांत?

मला बघायला धुळ्याची मंडळी येणार असं ठरलं तेव्हा नाना लेकीकडे पिंपळनेरला गेले होते. भाऊ रजा काढून आले. आईने घर सारवलं, पडदे धुतले, मला बजावलं की हा आठवडाभर तोंड बंद ठेवायचं, म्हणजे सवय होईल. आणि त्याच सकाळी शेळ्यांनी बागेची मेथी मुळासकट नेली. भाऊ मागे गेले. मोडकं कुंपण बघितलं. मग वळून पडवीकडे बघितलं. मी मोरीवर होते, मला ते बघणं आठवतं. एखाद्याला आयुष्यभर समोरच असलेली बाई एका दिवशी सुंदर दिसावी तसं.

त्यांनी रास उचकटली. एक लाकूड वाजवलं, त्याची ढलपी काढून हौदात टाकली. ती दगडासारखी तळाला गेली.

"हं," भाऊ म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, ती नानांची लाकडं आहेत."

"नानांची म्हणजे घरचीच ना?"

"ती राहू द्या. कामाची आहेत ती."

"कामाची आहेत म्हणून तर घेतोय! अशी पडून राहिली तर वाळवी खाईल."

"दुसरी आणा वखारीतून."

"असलं अंजन वखारीत मिळेल? तुला लाकडातलं काय कळतं!"

आईने तोंड उघडलं. आणि मिटलं. घरात मुलगी दाखवायची, उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं काढलेली, आणि त्याच उंबऱ्यात उभं राहून ती तो शब्द कसा काढणार? तिने माझ्याकडे बघितलं. मी तर तोंड बंद ठेवण्याच्या सरावात. आई पदर तोंडाशी धरून आत गेली आणि पोळपाटावर लाटणं इतक्या जोरात फिरवायला लागली की भाऊंना वाटलं, ती पाहुण्यांच्या काळजीत आहे.

भाऊंचं काम मात्र बघण्यासारखं होतं, हे आजही म्हणावं लागेल. प्रत्येक लाकडाची उरलीसुरली साल आणि सालीखालचा पांढरा थर त्यांनी वाकसाने तासून काढला, कारण किडा पहिल्यांदा तिथे शिरतो. आत राहिला तो काळपट लाल गाभा. वरचं टोक तिरपं कापलं, पाणी थांबू नये म्हणून. आणि मग मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काटक्यांचा, जाळ करून, जमिनीत जाणारी बुडं त्या जाळावर धरली. गोल फिरवत, भाकरी शेकावी तशी. लाकडाची कातडी काळी पडून तिला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या की बूड झालं. जळालेल्या लाकडाला वाळवी शिवत नाही. शेजारी डांबराचा डबा तापत ठेवला होता, वरून हात मारायला. भाऊंच्या अंगावर घाम, राख, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला पहिल्यांदाच ते तरुण वाटले.

"निखारे वाया कशाला घालवतेस?" ते मला म्हणाले. "वांगी आण, भरीत होईल."

मी वांगी आणली. बाकी काय करणार? हिरवी, लांबोडी, आमच्याकडची भरताची वांगी. भाऊंनी स्वतः ती निखाऱ्यांत खुपसली. वास सुटला. त्या वासाने भूक लागली, याची मला आजही थोडी भीती वाटते.

आणि तेवढ्यात नाना आले. पिंपळनेरची एस्टी वेळेआधी आली की काय कोण जाणे. मागच्या दारातून, हातात पिशवी, डोक्याला उपरणं. समोर जाळ. जाळावर त्यांची लाकडं आडवी मांडलेली. एका बाजूने पेटलेली. नाना तिथेच थांबले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, त्यांना स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघायचंय की आपण आहोत की नाही.

मग ते आपल्या अहिराणीत ओरडले, "अरे थांबा रे! मी आजून जित्ता शे!"

भाऊ हातातलं लाकूड तसंच धरून वळले. एक क्षण कुणालाच कळेना की हसायचं की काय करायचं. भाऊंना कळायला तेवढाच वेळ लागला. हातातल्या काळ्या बुडाकडे त्यांनी बघितलं, नानांकडे बघितलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे बघितलं, आणि ते लाकूड त्यांनी इतकं हळू खाली ठेवलं की आवाजच झाला नाही.

"नाना, मला ठाऊक नव्हतं हो."

"तुले कोनी सांगं नही?"

नाना जाळाजवळ येऊन उकिडवे बसले. एक लाकूड ओढून त्याच्या भेगांवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. बराच वेळ ते त्या बोटाकडे बघत बसले. भाऊंनी मग पडवीतून राशीच्या तळाची दोन लाकडं आणून त्यांच्यापुढे ठेवली. वरून धड, पण दाबलं की आत भुसा. जमिनीला टेकलेली म्हणून वाळवीने आतून पोखरलेली.

"अशीच पडून राहिली असती तर उरली नसती, नाना," भाऊ म्हणाले. आवाज लाकडाच्या जाणकाराचा नव्हता, गुन्हेगाराचा होता. "उभी राहिली तर वारा लागेल. बूड जाळलंय. टिकतील. मी दुसरी आणून देतो, शप्पथ."

"दुसरं वल्लं ऱ्हाई," नाना म्हणाले. "ते सुके तवलोंग मी थांबू का?" मग त्यांनी तापलेल्या डब्याकडे बघितलं. "हाई काय शे?"

"डांबर."

"डांबर लावानं नही. मी काय सडक शे?"

भाऊंनी डबा उचलून बाजूला ठेवला. डांबराऐवजी निंबोळीचं तेल चोळायचं ठरलं. जळताना त्याचा वास चालेल, असं नानाच म्हणाले. "करा उभं. पन लाकूड मन्हंच," एवढं बोलून ते उठले आणि पाय धुवायला गेले. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी भरीत कुणी खाल्लं नाही. आईने ते केलं, फोडणी दिली, कळण्याच्या भाकरी थापल्या, आणि ताटं मांडल्यावर सगळे लोणच्याकडे बघत बसलो. नानांनी वाडगा स्वतःकडे ओढला. "मन्हं लाकूड, मन्हं भरीत," म्हणाले आणि सगळं संपवलं. शेवटी भाकरीच्या तुकड्याने वाडगा पुसला. मी त्या घरात पुढे अनेकदा भरीत खाल्लं असेल, पण डोळ्यांपुढे येतो तो हाच वाडगा, पुसून लख्ख झालेला.

धुळ्याची मंडळी आली तेव्हा कुंपण उभं होतं. मधे पऱ्हाट्या विणलेल्या, खांब एका ओळीत, तेलाने चकाकणारे. माझ्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. माझे होणारे सासरे मागे हात धुवायला गेले आणि तिथेच रमले. "वा! लाकूड कुठलं म्हणायचं हे?"

नाना खाटेवर बसले होते. "अंजन शे," ते शांतपणे म्हणाले. "मी शे तवलोंग उभं ऱ्हाई."

सासऱ्यांना वाटलं, म्हातारा अभिमानाने बोलतोय. ते खूश झाले. माझं लग्न जमलं ते या कुंपणामुळे, असं माझे यजमान आजही चारचौघांत सांगतात. मी त्यांना खरी गोष्ट लग्नानंतर सांगितली. त्यानंतर कितीतरी दिवस ते सासुरवाडीला गेले की मागच्या दाराने जात नसत.

कुंपण टिकलं, यात शंका नाही. होळीला गावातली पोरं लोकांच्या कुंपणांची लाकडं पळवायची, ती रीतच होती. आमच्या खांबांना कुणी हात लावला नाही. तोवर सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. खांबांवर चढलेले दोडके आई शेजारी द्यायला जायची, बायका गोड बोलून परत करायच्या. आईसुद्धा दिवस कलला की बागेत पाऊल टाकत नसे. नाना मात्र रोज संध्याकाळी कुंपणाला फेरी घालायचे. एकेका खांबाच्या डोक्यावर हात ठेवायचे, जसा रांगेत उभ्या असलेल्या नातवंडांच्या ठेवावा. काही पुटपुटायचे. मी एकदा मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. ते अक्काशी बोलत होते. तिला सांगत होते, कोरडं शे, कोरडं शे.

मग पाऊस आला. सतत, न थांबणारा, आमच्या भागात क्वचित पडतो तसला. नाना मागच्या दारात बसले आणि या वेळी भिंतीकडे तोंड करून नाही, तर कुंपणाकडे. खांब काळे पडत गेले. "वल्लं व्हयी ऱ्हायनं," ते म्हणायचे. आधी आम्हाला सांगायचे, मग कुणालाच नाही. जेवण सुटलं. मग अंगात ताप भरला. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले, छातीत काही नाही म्हणाले. भाऊ धुळ्याहून आले आणि वनस्पती तुपाचे रिकामे डबे गोळा करून त्यांनी एकेका खांबाच्या डोक्यावर पालथे घातले. आमचं कुंपण टोप्या घालून उभं राहिलं. मला हसू आलं, आणि मग त्या डब्यांवर पाऊस वाजायला लागला. दिवसभर. ताशा वाजावा तसा, लांबून येणारा, कुणाला तरी न्यायला निघालेला. नानांनी कानांवर उशी घेतली.

तिसऱ्या प्रहरी आई स्वयंपाकघरातून उठली. पदर खोचला. मागचं दार सताड उघडून पावसात गेली आणि पहिल्या खांबावरचा डबा उचलून तिने फेकून दिला.

"अगं, काय करतेस?" भाऊ.

"उपटा ती!" आई ओरडली. एवढ्या मोठ्याने ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही. "सरणाची लाकडं अशी भिजत ठेवतात का? आत घ्या सगळी!"

बोलली ती. शेजारच्या खिडकीत कुणाचंतरी डोकं आलं आणि आत गेलं. माझं लग्न जमलेलं, घरात दुखणाईत माणूस, आणि आईने तो शब्द आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उच्चारला. भाऊंनी पहार घेतली. चिखलातून एकेक खांब हलवून हलवून निघाला. मी तो खांद्यावर घेऊन ओसरीवर आणायची, आई नानांच्या जुन्या धोतराने तो पुसायची, न्हाऊन आलेल्या लेकराला पुसावं तसा, आणि नानांच्या खाटेशेजारी रचायची. घरात, जित्या माणसाच्या उशाशी. नानांनी हात लांब करून वरच्या लाकडावर ठेवला. तसाच ठेवून ते झोपले. उठल्यावर त्यांनी पेज मागितली.

आणि चार दिवसांनी, खाटेवर उठून बसल्यावर, मागच्या दाराकडे बघत ते भाऊंवर खेकसले, "बकऱ्या बागमा घुशी ग्यात! कुंपन कोठे शे?"

ते कुंपण आम्ही दिवाळीला पुन्हा उभं केलं. पुढच्या वर्षीही मृगाच्या आधी उपटून आत, आणि दिवाळीला बाहेर. त्याच्या पुढच्या वर्षीही. बागेला खरी गरज असायची तेव्हा कुंपण ओसरीवर नानांजवळ झोपलेलं असायचं, आणि शेळ्या पावसाळाभर आमची मेथी खायच्या. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दर वर्षी भाऊ बुडं तपासायचे, निंबोळीचं तेल चोळायचे. ते लाकूड मी पाहिलेल्या कुठल्याही लाकडापेक्षा जास्त धड राहिलं, कारण इतकी निगा कुणी कुंपणाची घेत नाही. आता आमच्या धुळ्याच्या घराला सिमेंटचे खांब आहेत. त्यांना काही लागत नाही. तरी पाऊस सुरू झाला की मी अजून गॅलरीत जाऊन बघते, काही बाहेर राहिलंय का. सून म्हणते, "आई, सगळं आत घेतलंय." मी म्हणते, हो, हो. आणि पुन्हा एकदा बघते.

लग्नानंतर माहेरी जाणं दिवाळीला आणि उन्हाळ्यात. पण एका माघात, थोरला कडेवरचा असताना, मी अशीच मधेच निघाले. काही कारण नव्हतं. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे दिवस होते आणि आईच्या हातचे ओले बिबडे खावेसे वाटले, इतकंच. माझ्यामागे धुळ्याला तार येऊन पोचली हे मला नंतर कळलं. एरंडोलच्या स्टँडवर उतरले, ऊन छान पडलं होतं, ओळखीची एक बाई माझ्याकडे बघून काही बोलणार होती ती थांबली, आणि मी लेकराशी बडबडत मागच्या गल्लीने घराकडे वळले.

बाग उघडी होती.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दिवाळी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते, आणि बागेभोवती एकही खांब नव्हता. पऱ्हाट्या आडव्या पडलेल्या, दोडक्याचे सुकलेले वेल त्यांच्याबरोबर ओढले जाऊन तुटलेले. शेळ्या आत शिरून निवांत चरत होत्या, त्यांना हाकलायला घरातून कुणी येत नव्हतं. आणि ओळीने खड्डे होते. प्रत्येकाच्या कडेला पहारीने उकरलेली ताजी माती.

मी लेकराला खाली उतरवलं. पहिल्या खड्ड्यापाशी बसून आत हात घातला, कोपरापर्यंत. तळाशी माती कोरडी होती.